हरणांचा वाटा

माझ्या सासरच्या शेताला जंगलाच्या बाजूने एक अरुंद पट्टी होती. तिच्यात जे पिकायचं ते घरात कधी येत नसे. ती पट्टी हरणांची. पारशिवनीच्या पलीकडे, सागाचं जंगल जिथे शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, येऊन टेकतं, तिथून चितळांचे कळप बाहेर पडायचे आणि समोर जे हिरवं दिसेल त्याला तोंड लावायचे. त्यांना हाकलून दमण्यापेक्षा त्यांच्या वाटणीचं आधीच काढून ठेवावं, असा विचार माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी केला होता म्हणे. कडेला पोटभर मिळालं की चितळ आत कपाशीत शिरत नाही. हा विचार मला आजही पटतो. माझं भांडण होतं ते त्याला चिकटलेल्या रीतीशी.

रीत अशी, की हरणांच्या वाट्यात पेरणीची तिफन घालायची नाही. घरात नवी सून आली की पहिल्या वर्षी तिने तो हाताने टोबायचा, म्हणजे काडीने भोक पाडून एकेक दाणा टाकायचा. आणि उगवलेली दोन पानं घरच्या वडीलधाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत तिने गावाची शीव ओलांडायची नाही. का, म्हणून विचारलं तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, रागावत नसत. उलट शांतपणे समजावून सांगत. पाहुणे पंगतीला बसवले आणि ते जेवायच्या आधी वाढणारीच घर सोडून गेली तर कसं दिसेल? मग हरणं पाहुणे नाहीत का? असं सगळं त्यांचं सरळ असे. सरळ बोलणाऱ्या माणसाशी भांडणं फार कठीण. गावात दुसऱ्या कोणाच्याही घरी ही रीत नव्हती, हे मी लग्नानंतर लगेच शोधून काढलं होतं. पण शोधून काढून करते काय? लोकांकडे नाही म्हणून आपल्याकडेही नको, हे नव्या सुनेने बोलायचं वाक्य नव्हे.

माझं लग्न झालं ऐंशीच्या पुढेमागे, ऐन उन्हाळ्यात. त्याआधीच नागपूरला शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमासाठी मी नाव घालून ठेवलं होतं. जागा लागली तर पोरीला शिकू द्यायचं, असं बैठकीतच ठरलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. जागा लागली. अमुक सोमवारी दुपारपर्यंत सगळी कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. निरोप आला त्या दिवशी चुलीपुढे बसून मी एकटीच हसत होते. मामाजींनीही गूळ मागवून तोंड गोड केलं आणि म्हणाले, जा की, वाटा उगवला की जा. सोमवार तेव्हा खूप लांब होता. चार दाणे टोबायचे, कोंब आले की ट्रंक उचलायची, एवढंच तर होतं. मला त्या अटीत काहीच अवघड वाटलं नाही.

मग झड लागली.

काळ्या मातीचं असं आहे, की ती कोरडी असली तर पेरता येत नाही आणि फार ओली असली तरी पेरता येत नाही. मधली जी नेमकी ओल लागते तिला वाफसा म्हणतात. त्या वर्षी वाफसा काही येईना. पाऊस धो धो कोसळत नव्हता, नुसता लागून राहिला होता. सकाळी उठावं तर तोच आवाज, दुपारी जेवावं तर तोच, आणि झोपताना कान द्यावा तर कवेलूंवरून तेच टपटप. घरात ओल्या सरपणाचा धूर कोंडायचा. दोरीवरची लुगडी वाळायची नाहीत, त्यांना कुबट वास मारायचा. माझी ट्रंक भरून खाटेखाली ठेवलेली होती. येता-जाता ती मला दिसायची आणि जीव नुसता गुदमरायचा.

वाट्यात त्या वर्षी सोयाबीन लावायचं ठरलं होतं. पूर्वी मूग-बरबटी असायची. सोयाबीन आमच्या भागात नवंच आलेलं. आदल्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्याने हौसेने थोडं लावून पाहिलं, तर चितळांनी आमचा मूग नुसता हुंगला आणि त्याचं सोयाबीन बुडापर्यंत साफ केलं. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला, आणि मामाजींना पाहुण्यांची आवड कळली. सोयाबीनला साचलेलं पाणी सोसत नाही, हे मात्र आमच्या घरात तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली टोबणी मी आणि आत्याबाईंनी मिळून केली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, घरात कुठे आहेत हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. हात लावायचा तो सुनेनेच, म्हणून त्या फक्त टोपली धरून माझ्यामागे चालत होत्या. डोक्यावर पोत्याची खोळ, पायाला चिखलाचे एवढे मोठे गोळे, की दर चार पावलांनी थांबून काडीने खरवडायचे. घाईघाईत मी दाणे खोल टाकत होते. आत्याबाई मागून म्हणायच्या, वरवर टाक, वरवर. मी मान हलवायची आणि पुन्हा खोलच टाकायची. मातीत हात घालायची मला सवय नव्हती आणि सोमवार डोक्यात होता.

त्यानंतर रोज सकाळी मी शेतात जाऊ लागले. जमीन जशीच्या तशी काळीभोर, चकचकीत. एक दिवस न राहवून बोटाने माती उकरली. दाणा सापडला, फुगून दुप्पट झालेला. मला आनंद झाला. चिमटीत धरला तर आतून पांढरट पाणी आलं आणि असा काही वास सुटला, की मी हात झटकत उभी राहिले. दुसरं भोक उकरलं, तिसरं उकरलं. सगळीकडे तेच. त्या पावसात उभी राहून मी रडले. रडले म्हणजे चक्क भोकाड पसरलं, कारण ऐकायला फक्त जंगल होतं.

मामाजींना सांगितलं तर म्हणाले, सडलं तर सडलं, पुन्हा टोब. अटीत काही बदल? त्यांना प्रश्नच कळला नाही. पाहुण्यांच्या पानात पडलंच नाही, तर ते जेवले असं कसं म्हणायचं?

रात्री मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, बोलतो. आणि दुसऱ्या दिवशी उठून बैलांना वैरण टाकायला गेले. तो विषय निघाला की त्यांना बैलांची आठवण यायची. त्या झडीत आमच्या बैलांइतकी वैरण तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या बैलांनी खाल्ली नसेल. माणूस वाईट नव्हता, पण वडिलांसमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले, त्यामुळे माझा राग आणखीच वाढला.

कोणी म्हणेल, सरळ उठून जायचं होतं. मीही तेच म्हणत होते, मनातल्या मनात, दिवसातून कितीदा तरी. ट्रंक उचलायची, नाला ओलांडायचा, सडकेवर येऊन एसटी धरायची. नाल्याला पाणी होतं, पण सकाळी उतार मिळायचा. मला अडवायला कोणी दारात उभं नव्हतं. खरी गोची तीच होती. कोणी हात धरून ठेवलं असतं तर झटकून निघाले असते. पण मी अशी गेले असते आणि त्या वर्षी चितळांनी कपाशी खाल्ली असती, तर ती मी खाल्लेली ठरली असती, जन्मभर. आणि माझ्या वडिलांच्या घरी गेले असते, तर त्यांनीच मला चहा पाजून दुसऱ्या गाडीने परत आणून सोडलं असतं. दार उघडं होतं, पण त्यातून बाहेर पडून जायला जागा नव्हती.

दुसऱ्या टोबणीच्या आधी एक गंमत झाली. तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. स्वयंपाकघरात कसला तरी आंबूस वास येत होता. मला वाटलं ताक नासलं. शोधत गेले तर चुलीच्या वर, खुंटीला, ओल्या फडक्याची एक पुरचुंडी टांगलेली. आत सोयाबीन. आत्याबाईंनी मटकीला आणतात तसे मोड आणायला ठेवलं होतं. कोणाला न सांगता. मी पाहिलं म्हटल्यावर त्या जरा लाजल्या. मोड आलेलंच टोबलं तर दोन दिवसांत पानं दिसतील आणि तुझं काम होईल, असा त्यांचा बेत होता. जन्मभर मटकी-मुगाला मोड आणणाऱ्या बाईला सोयाबीनही तसंच वाटलं, ह्यात नवल नव्हतं. मलाही ती युक्ती फार हुशारीची वाटली. पुरचुंडी सोडली तर अर्धे दाणे बुळबुळीत झाले होते. उरलेल्यांना कोंब होते, ते आम्ही निवडून घेतले आणि जपून वाट्यात नेले. चिखलात दाबताना कोंब काडकन मोडत होते, तेही आम्हाला ऐकू येत होतं. तरी आत्याबाई एकेक दाणा देत होत्या आणि मी आशेने लावत होते.

त्यातलं काहीही उगवलं नाही. आत्याबाई दोन दिवस माझ्या नजरेला नजर देईनात. बी त्यांच्यामुळे वाया गेलं आणि माझे दिवसही गेले, हे त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मी समजूत काढली असती, पण खरं सांगते, मला तेव्हा कोणाचीच समजूत काढावीशी वाटत नव्हती. सोमवार आता तोंडावर आला होता. मी भाकरी थापायची, भांडी घासायची, आणि डोळ्यांपुढे यादीतली ती पुढची मुलगी दिसायची. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी तिचा मला मनस्वी राग येत होता.

तिसऱ्या वेळी आमचे हे फावडं घेऊन माझ्या आधीच वाट्यात पोचले होते. पावसात भिजत त्यांनी माती ओढून उंच वरंबे घातले, मधून पाणी जायला चऱ्या काढल्या. हे आधी का सुचलं नाही, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्यांची पाठ पाहून गप्प बसले. बोलता न येणाऱ्या माणसाने जेवढं करायचं तेवढं ते करत होते. वरंब्यांवर मी वरवर दाणे टोबले, आत्याबाई म्हणायच्या तसे. आणि योगायोग असा, की झड जरा ओसरली. ढग होते, पण ऊन दोनदा डोकावून गेलं.

रविवारी सकाळी वाट्यात गेले आणि जागीच थांबले. वरंब्यांवर माती फुटली होती. फिकट हिरवे, जाडसर कोंब मान वर काढून उभे होते, आणि त्यांच्या डाळिंब्या उघडून दोन-दोन पानं झाली होती. ओळीच्या ओळी. मी वाकून हात लावून पाहिला. मग चिखलातून पळत सुटले. दोनदा पडले. घरात शिरले तेव्हा तोंडापर्यंत माखलेली होते आणि मला धड बोलताही येत नव्हतं. उगवलं, एवढंच म्हणता आलं.

मामाजी म्हणाले, छान झालं. मग त्यांनी चहा संपवला. धोतर सावरलं. छत्री शोधली. छत्री सापडली तर काडी अडकलेली, ती नीट केली. वाटेत कोणीतरी भेटलं, त्याच्याशी पाण्यापावसाचं बोलून घेतलं. मी मागे उभी, आतल्या आत उकळत होते. आत्याबाईही आमच्याबरोबर निघाल्या होत्या. त्या सहसा शेतात सकाळच्या येत नसत.

आम्ही धुऱ्यावर पोचलो तेव्हा कळप जंगलात शिरत होता. शेवटच्या दोन माद्या वळून आमच्याकडे पाहत होत्या, अजून चघळत. वरंब्यांवर पान नावालाही उरलं नव्हतं. हिरवे खुंट, आणि चिखलभर खुरांचे ठसे.

मला रडू आलं नाही. हसूच येऊ लागलं, आणि ते थांबेना. ज्यांच्यासाठी पेरलं ते येऊन खाऊन गेले होते. पाहुणे जेवून उठले होते. ह्याहून नीट अट पुरी व्हायची तरी कशी?

मामाजी खाली वाकून खुंट पाहत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं, आणि तरी ते काय म्हणणार हेही मला कळलं होतं.

“पानं म्या पाह्यली नाही,” ते म्हणाले. “वाढायच्या आधीच भाताच्या गंजात तोंड घातलं, त्याले जेवण नाही म्हनत. अजून एक डाव टोबा लागते.”

“उद्या सोमवार हाये, मामाजी,” मी म्हटलं.

“माहीत हाये पोरी. पण रीत हाये ना.”

आमचे हे बाजूला उभे होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्या क्षणी मला पक्कं कळलं, की मी कुठेही जाणार नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही आणि त्यानंतरही नाही. ह्या पट्टीत नेहमी काहीतरी उगवायचं राहिलेलंच असणार आहे.

आत्याबाई शेतातल्या राखणीच्या मचाणाकडे गेल्या. मचाणाखाली टोपलीत उरलेलं बी होतं. ती टोपली त्यांनी कमरेवर घेतली, माझी टोबायची काडी उचलली, पदर खोचला आणि पहिल्या वरंब्याशी वाकून भोक पाडलं.

मामाजी चपापले. हा वाटा नव्या सुनेचा असतो, तिनेच तो लावायचा असतो, असं त्यांनी आठवण करून दिल्यासारखं म्हटलं.

आत्याबाईंनी मान वर केली नाही. “मी काय ह्या घरची लेक हाये का?” त्या म्हणाल्या. “मी बी सूनच हाये. टोबतो मी. मले कुठं जायाचं हाये?”

दाणा भोकात पडला आणि त्यांनी वरून माती सारली. आता लागवड त्यांच्या हातची झाली होती, म्हणजे शिवेच्या आत राहायचं तेही त्यांनीच. बायकोच्या तोंडून आपलीच रीत आपल्यावर उलटलेली मामाजींनी पहिल्यांदा ऐकली असावी. मग छत्री मिटून काखेत घेतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “नाल्याले पानी हाये. सांभाळून जाजो.”

दुपारच्या आत आम्ही निघालो. आमचे हे ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे गेले, नाला उतरून सडकेवर एसटी थांबवून धरायला. त्या दिवशी त्यांच्या पायांना वेग आला होता. आत्याबाई मला पोचवायला आल्या, हातात भाकरीचं गाठोडं. मला जागा लागली त्या दिवशीसारखा आनंद व्हायला हवा होता. होतही होता, पण मी मुद्दाम हळू चालत होते.

नाला म्हणजेच गावाची शीव. काठावर येऊन त्या थांबल्या. एरवी त्या मला हात धरून पार घेऊन गेल्या असत्या, पाण्याला मी भिते हे त्यांना माहीत होतं. पण आता त्यांना पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि कुठल्या दगडावरून कुठल्या दगडावर पाय टाकायचा ते बोटाने दाखवलं.

मला काहीतरी बोलायचं होतं. आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती. म्हणून मी विचारलं, तुमच्या पहिल्या वर्षी वाटा उगवायला फार दिवस लागले होते का?

“नाही वं,” त्या म्हणाल्या. “माह्या तर पह्यल्याच डावात उगवला होता. मूग होता. सासऱ्यानं पानं पाह्यली अन् म्हनलं, आता सूनबाई मोकळी. मी न्हाऊन, नवं लुगडं नेसून वसरीत बसली होती. पण कुठं जायाचं हाये, थे कोनं इचारलंच नाही. मंग सांजच्याले उठली अन् सैपाकाले लागली.”

पाणी दगडांवरून खळाळत चाललं होतं. पलीकडे सडकेवर आमचे हे हात हलवून घाई करायला सांगत होते.

“कुठं जायाचं होतं, आत्याबाई?”

त्या विचार करत उभ्या राहिल्या. खरंच आठवून पाहत होत्या, कपाळाला आठ्या घालून, एखाद्या डब्यात काय ठेवलं होतं ते आठवावं तशा.

“होतं कुठंतरी,” त्या म्हणाल्या. “आता याद नाही राह्यलं. जाय तू, पानी वाढून राह्यलं.”